तांदळाच्या पिंपातले त्रेसष्ट फोन

कुरणखारच्या माध्यमिक शाळेत कोणाचा फोन कुठे आहे हे मुख्याध्यापकांना ठाऊक नव्हतं, वर्गशिक्षकांना ठाऊक नव्हतं, आणि ज्यांचे फोन होते त्या मुलांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त मैना मावशीला. ती शाळेत खिचडी शिजवायची, आणि शाळेतले सगळेच्या सगळे त्रेसष्ट फोन तिच्या तांदळाच्या पिंपात पुरलेले असायचे.

आता तांदळात कोणी फोन पुरतं का? पुरतं, पुरतं. आधी ऐका तर खरं.

कुरणखार चौलच्या पुढे, खाडीच्या अंगाला. पुढे सुपारीच्या वाड्या, मागे खारटाण आणि मधे पाचवी ते दहावीची पत्र्याची शाळा. मैना माहेरची तळा तालुक्यातली, डोंगरातली. लग्न होऊन इथे आली तेव्हा पहिली दोन वर्षं तिने खाऱ्या वाऱ्याला शिव्या घालण्यात काढली, कारण या वाऱ्यात लोखंडाची कुठलीही वस्तू धड राहत नाही. नवरा धर्मा उरणला ट्रेलरवर ड्रायव्हर होता, गुडघे गेले तसा घरी बसला. धर्मा दिवसाला फार तर दहा शब्द बोलतो, त्यातले चार चहाबद्दल. मुलगी भाविका लग्न होऊन पेणला गेलेली. राहता राहिली मैना, आणि तिला तर बोलल्याशिवाय घासही उतरत नाही. अकरा वर्षांपूर्वी ती शाळेच्या शेगडीपाशी येऊन बसली आणि तिथलीच होऊन गेली. तिथे तिला ऐकायला दीडशे पोरं होती.

पोरंही तिच्याशी बोलायची. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाच्या घरी काल जेवण झालं नाही, कोणाला गणिताचे सर बघितले की पोटात दुखतं, सगळं मैनाला कळायचं. नियमाप्रमाणे खिचडी आठवीपर्यंतच्याच मुलांना. पण नववी-दहावीची पोरं खिडकीशी येऊन उभी राहिली की मैना म्हणायची, "नववीत गेल्यावर भूक लागाची बंद व्हते व्हय रं?" आणि खरवड का होईना, द्यायची.

यंदा जूनमध्ये मुख्याध्यापक गणराज सरांनी तिला बोलावून सांगितलं, "मावशी, अलिबागकडे एक मोठं स्वयंपाकघर होतंय. एका ठिकाणी खिचडी शिजणार आणि टेम्पोने वीस शाळांत जाणार. आपली तपासणी चांगली झाली तर आपलं स्वयंपाकघर राहील. नाही झाली, तर मग..."

सर तिथेच थांबले. गणराज सर अर्ध्यात थांबण्यात पटाईत होते. पुढचं मैनाने घरी जाऊन स्वतःच पुरं केलं. टेम्पोतून येणारी खिचडी गार असणार, हे तिचं पहिलं दुःख. ते तिने गावभर सांगितलं. दुसरं दुःख कोणाला सांगितलं नाही, पण इथे सांगून टाकलेलं बरं. शाळा सुटली तर दिवसभर धर्माच्या समोर बसायचं, याची तिला धडकी भरली होती. माणूस वाईट नव्हता हो. पण दहा शब्दांवर दिवस कसा काढायचा?

त्याच जूनमध्ये शाळेत दोन कागद आले. पहिल्यात लिहिलं होतं, वर्गात मोबाइल दिसता कामा नये. दुसऱ्यात लिहिलं होतं, प्रत्येक विद्यार्थ्याने रोज एक तास मोबाइलवर शिकलं पाहिजे आणि त्याचा फोटो पोर्टलवर टाकला पाहिजे. गणराज सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले, मग एकावर एक ठेवून वाचले, आणि शेवटी चष्मा काढून नुसतेच बघत बसले.

तोड काढली ती संगणकाच्या हर्षद सरांनी. वय अठ्ठावीस, उत्साह भरपूर, अनुभव बेताचा. त्यांचं म्हणणं असं, की शाळा भरताना सगळे फोन गोळा करायचे, तिसऱ्या तासाला परत वाटायचे, फोटो काढायचा, पुन्हा गोळा करायचे आणि सुटताना द्यायचे. म्हणजे पहिला कागदही खूश आणि दुसराही. प्रश्न एकच राहिला, की ठेवायचे कुठे. ऑफिसच्या कपाटाचं कुलूप गंजून पडलेलं, प्रयोगशाळेला दारच नाही. सबंध शाळेत धड कुलूप एकाच खोलीला होतं, पितळेचं. ती खोली स्वयंपाकघराची, कारण तिथे तांदूळ असतो. झालं! त्रेसष्ट फोन मैनाच्या ताब्यात आले.

पहिले चार दिवस ते एका टोपलीत फळीवर होते. पाचव्या दिवशी नववीतला मितेश शाळेत येता येता खेकड्याच्या मागे लागून फोनसकट खाजणाच्या पाण्यात पडला. निथळता फोन घेऊन तो मैनासमोर उभा राहिला. डोळ्यांत पाणी, आणि बापाच्या नावाने अंगात कापरं. मैनाने कुठेतरी ऐकलं होतं की भिजलेला फोन तांदळात ठेवला की तांदूळ पाणी ओढून घेतो. तिने तो कोठारातल्या पिंपात कोपरभर खोल पुरला. शाळा सुटताना काढला तर बाबा चालू! मितेशने मावशीचे पायच धरले.

आता एखादी बाई इथे थांबली असती. मैना थांबणाऱ्यातली नव्हे. तिने विचार केला, आजारी फोन तांदळात बरा होतो, मग चांगल्या फोनने तांदळात राहायला काय हरकत आहे? फळीवर शेगडीची वाफ लागते, खारा वारा लागतो. दुसऱ्या दिवसापासून त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोन पिंपात गेले. पाचवीचे तळाला, दहावीचे वर. रोजच्या खिचडीचा तांदूळ ती पोत्यातून घ्यायची, त्यामुळे पिंपाला हात लावायची वेळच यायची नाही. कोणता फोन कुठे हे तिला न बघता कळायचं. सहावीत पूर्वी नावाची एक पोर होती; कोपर बुडवून मैना बरोब्बर तिचाच फोन काढून तिच्या हातात द्यायची, आणि ती दर वेळी टाळ्या वाजवायची.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. फोन वाजतात. पहिल्यांदा पिंप वाजलं तेव्हा मैना कांदा चिरत होती. तांदळातून भजन ऐकू आलं, आणि वरचा थर हलायला लागला. तिने हात घालून फोन काढला. पडद्यावर हिरवा गोल नाचत होता, तो तिने बाजूला सारला आणि फोन कानाला लावला.

"कोन?"

"प्राप्ती कुठंय? आणि तू कोण?" पलीकडे दहावीतल्या प्राप्तीची आई होती, पनवेलच्या बसमधून बोलत होती.

"प्राप्ती वर्गात हाय. मी मैना बोलतंय, तांदलातून."

प्राप्तीच्या आईने काही विचारलं नाही. शाळेतला कोणीतरी माणूस लेकीबद्दल सांगतोय याचंच तिला केवढं वाटलं! तिने विचारलं, पोरगी जेवली का? मैनाने सांगितलं, जेवली, पण भोपळा बाजूला काढला. दुसऱ्या दिवशी ती माऊली पुन्हा फोन करून मोकळी झाली. मग एकेक करून सगळ्यांच्याच घरचे. पंधरा दिवसांत असं झालं, की मुलं फोन देऊन वर्गात जायची आणि आईबाप मावशीशी बोलण्यासाठी फोन करायचे. एका पोराचा काका कुवेतहून रोज बाराच्या ठोक्याला फोन करून विचारायचा, आज खिचडीत काय घातलं. एकदा बँकेतून बोलतोय म्हणणारा एक भामटा लागला. तुमचं खातं आज बंद होणार, नंबर सांगा, म्हणाला. मैनाने त्याला विचारलं, आवाज असा का रे, जेवलास का? तो गडबडला. तिने त्याचं लग्न झालंय का, आई कुठे असते, हे सगळं काढून घेतलं. शेवटी त्यानेच हात टेकले आणि "ठेवतो मावशी" म्हणून फोन ठेवला.

असा सगळा आनंदीआनंद चालला असताना तपासणीची तारीख आली.

तपासण्या दोन होत्या. एक 'मोबाइलमुक्त शाळा' प्रमाणपत्राची, दुसरी 'डिजिटल शाळा' प्रमाणपत्राची. माणसं कमी असल्यामुळे दोन्हींसाठी एकच साहेब येणार होते, एकाच दिवशी. साहेब दहा वाजता आले. गोरेपान, घामेजलेले, हातात पांढराशुभ्र फोन. दर दोन मिनिटांनी ते त्याच्यात बघून स्वतःशीच मान हलवायचे.

"पहिला तास मोबाइलमुक्तचा," साहेब म्हणाले. "एकही मोबाइल दिसता कामा नये."

गणराज सर त्यांना मिरवत स्वयंपाकघरात घेऊन आले. मैनाने पिंपाचं झाकण काढलं. साहेबांनी आत पाहिलं, तर नुसता तांदूळ. "कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "हेच तं," मैना म्हणाली, "दिसता कामा नयेत ना?" साहेब इतके खूश झाले की त्यांनी वहीत 'अभिनव उपक्रम' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

ते जायला वळले तशी मैना दारात आडवी आली. "साहेब, तुमचा फोन?"

गणराज सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो मावशी, ते साहेब आहेत!"

"मंग? नियम नियम हाय. कोनाचाच दिसता कामा नये, असाच लिवलाय ना कागदात?"

साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि हसून फोन तिच्या हातात दिला. "अशी माणसं हवीत शाळेत," ते गणराज सरांना म्हणाले. मैनाचा ऊर भरून आला. तिने तो पांढरा फोन पांढऱ्या तांदळात खोल पुरला, आणि मनात म्हणाली, सुटलो बाबा, टेम्पो काय आता येत नाही.

तिसऱ्या तासाला डिजिटलची तपासणी सुरू झाली. "आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल दिसला पाहिजे," तेच साहेब म्हणाले. मैनाने कोपर बुडवून बुडवून फोन काढले. ते तिने नावानिशी मोजले. पाचवीचे, सहावीचे, सातवीचे करत दहावीपर्यंत, त्रेसष्ट. त्रेसष्ट आले म्हणजे सगळे आले. अकरा वर्षांत तिचा मुलांचा हिशेब कधी चुकला नव्हता, आणि आजही चुकला नाही. साहेब कुठल्या वर्गात नव्हते, तिथे तिचा काय दोष?

इकडे दुसरीच धांदल. साहेब जेवणार, गावातले पाच-सहा प्रतिष्ठित जेवणार, म्हणून गणराज सरांनी तांदूळ वाढवायला सांगितला होता. पोत्यातला पुरेना. पिंपातला घेऊ म्हणून मैना उठली, तेवढ्यात हर्षद सर धावत आले. "मावशी, तुम्ही आधी ऑफिसात जा. एप्रन आणि टोपी घाला. स्वयंपाक करतानाचा फोटो बाराच्या आत टाकायचाय. तांदळाचं मी बघतो."

"धुवून घाला वं सर," ती जाता जाता म्हणाली.

हर्षद सरांनी घड्याळ बघितलं. बाराला सात मिनिटं कमी. त्यांनी पिंप उचललं आणि उकळत्या पाण्यात सरळ उपडं केलं. वाफेने त्यांच्या चष्म्यावर धुकं आलेलं. तांदूळ पांढरा, वाफ पांढरी. पिंप मोकळं झालं म्हणून ते समाधानाने हळद टाकून गेले. मैना टोपी सारखी करत परत आली, तिने डाळ, भोपळा, मीठ घातलं आणि मोठ्या उलथन्याने ढवळलं. फोटो निघाला. फोटोत ती फार गोड आली होती.

मुलांना वाढण्याआधी कोणीतरी मोठ्याने चव घ्यायची असा शाळेचा नियम आहे, त्याची वहीसुद्धा असते. त्या दिवशी चव साहेब घेणार होते. ते पाटावर बसले. मैनाने तळातून छान दाट पळी भरून त्यांच्या ताटात वाढली. ताटात टण्ण असा आवाज झाला.

साहेबांनी चमच्याने टोचलं. "हे काय आहे?"

"बटाटा असल," मैना म्हणाली, पण तिच्याच आवाजात दम नव्हता. बटाटा तर तिने घातलाच नव्हता.

साहेबांनी बोटाने खिचडी बाजूला केली. खाली चौकोनी, पिवळाधम्मक, कडा वितळून वाकलेला त्यांचा फोन होता. शाळेत एवढी शांतता दहावीच्या निकालालासुद्धा नसते. मग पाचवीतलं एक पोरगं हळूच म्हणालं, "शिजला."

मैनाने आधी काय केलं, तर पातेल्यावर झाकण दाबलं आणि ओरडली, "कोनी हात लावायचा न्हाय याला!" सगळी खिचडी मागच्या खड्ड्यात गेली. बेकरीतून पाव आणि वाडीतून केळीचे घड आणवून तिने दीडशे पोरं जेवू घातली. मगच टोपी काढून ती ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली.

आत साहेबांची अवस्था बघवत नव्हती. त्यांना वाजले किती ते कळेना, घड्याळ फोनात होतं. वरच्या साहेबांना कळवावं तर नंबर फोनात. बायकोचाही नंबर पाठ नाही. ड्रायव्हर बाहेर कुठल्या झाडाखाली झोपलाय ते कळायलाही फोन लागत होता. आपण आज कुरणखारला आलो होतो याचा पुरावासुद्धा त्या फोनातच शिजला होता.

"साहेब," मैना दारातून म्हणाली, "तांदलात ठेवून बघू का?"

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती दोन पावलं मागे गेली.

शेवटी हर्षद सरांनी चिमट्याने सिमकार्ड काढलं, पुसलं आणि प्राप्तीच्या फोनात घातलं. चाललं! साहेबांच्या जिवात जीव आला, आणि त्याच्याबरोबर रागही आला. "जबाबदारी निश्चित करा," ते गरजले. "तांदूळ कोणी ओतला?"

हर्षद सर उभे राहिले. कान लाल झालेले, पण उभे राहिले. "मी ओतला साहेब. मावशी इथे नव्हत्याच."

साहेबांनी शाळेच्या कॉम्प्युटरवर पोर्टल उघडून बघितलं. "शिक्षकाने तांदूळ ओतला असा पर्याय इथे नाही," ते म्हणाले. "अन्नात वस्तू सापडली, तर दोषी स्वयंपाकी. एवढंच आहे. बसा खाली." आणि त्यांनी शाळेच्या स्वयंपाकिणीचं पान उघडलं. "नाव?"

"मैना."

"इथे केसर आहे."

मैनाला आधी कळलंच नाही. "केसर माझी जाव," ती म्हणाली. "थोरली. माझ्या आदी तीच शिजवायची हितं. मंग ती आजारी पडली, दोन दिस जरा बघ म्हनाली, म्हनून मी आले."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आणि त्या कुठे आहेत?"

"वारली," मैना म्हणाली. "आठ वर्सं झाली."

साहेबांनी गणराज सरांकडे पाहिलं. गणराज सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. दर वर्षी पोर्टल विचारायचं, स्वयंपाकी तीच आहे का, आणि दर वर्षी या खुर्चीत बसलेला कोणीतरी हो म्हणायचा. पैसे बचत गटात यायचे, गटाची बाई ते मैनाच्या हातात द्यायची, सगळं सुरळीत. नाव बदलायचं कोणाच्या मनातच आलं नाही.

"मंग अकरा वर्सं मी कोन व्हते?" मैनाने विचारलं. एरवी तिचा आवाज पार शेताच्या बांधापर्यंत जायचा. आता समोरच्यांनाही पुढे वाकून ऐकावं लागलं. "सर, तुमी सांगा ना. रोज मी येतंय, पोरांना वाढतंय, मी कोन?"

गणराज सर म्हणाले, "मावशी, आम्ही तसं प्रस्तावित..." आणि थांबले.

साहेबही जरा वरमले. राग होता, पण माणूस अगदीच दगड नव्हता. "आत्ता टाकू तुमचं नाव," ते म्हणाले. "मग काढायचं की ठेवायचं ते बघू. नाव असल्याशिवाय काढताही येत नाही. मोबाइल नंबर सांगा."

"माझ्याकडं फोन कुठला?"

खरंच की! त्रेसष्ट फोनांची मालकीण, आणि तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. कोणाला कधी सुचलंही नाही. दारात दाटीवाटीने उभी असलेली पोरं हे ऐकत होती. मितेश पहिला पुढे घुसला. "माझा नंबर टाका!" मग प्राप्ती, मग पूर्वी, मग सगळीच. मोबाइलमुक्त शाळेच्या ऑफिसात एकाच वेळी त्रेसष्ट हात फोन वर धरून ओरडायला लागले, माझा टाका, मावशीला माझा टाका! मैनाला एकदम भडभडून आलं. तिने पदर तोंडावर घेतला आणि सगळ्यांसमोर रडली.

हर्षद सरांनी एकेक नंबर टाकून पाहिला. 'हा क्रमांक आधीच नोंदवलेला आहे.' पहिल्यापासून त्रेसष्टाव्यापर्यंत तेच उत्तर. त्या डिजिटल तासासाठी त्यांनीच जूनमध्ये सगळे नोंदवले होते. पडद्यावर मैनाचं नाव काही चढेना.

चार वाजत आले. साहेबांना शेवटची बोट पकडून मुंबईला जायचं होतं, मांडव्याचा धक्का काही जवळ नाही. त्यांनी कपाळ पुसलं आणि जे नाव पोर्टलवर होतं त्याच्यावरच कारवाई केली. पडद्यावर अक्षरं उमटली. 'श्रीमती केसर यांना दोषी ठरविण्यात येत आहे. त्यांनी सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा. खुलासा प्राप्त होईपर्यंत स्वयंपाकगृहाबाबत कोणताही बदल करता येणार नाही.'

हर्षद सरांनी ते दोनदा वाचलं. "साहेब, म्हणजे टेम्पो..."

"खुलासा झाल्याशिवाय टेम्पो येऊ शकत नाही," साहेब म्हणाले. ते स्वतःही जरा चक्रावले होते. "त्या बाई येऊन काय सांगायचं ते सांगतील, मग पुढची कारवाई." आणि शिजलेला फोन रुमालात बांधून ते निघून गेले.

सातव्या दिवशी पोर्टलवर लाल अक्षरं आली, 'केसर हजर आहेत काय?' गणराज सरांनी नियम वाचला. ऑफिसच्या दारात तीन वेळा नाव पुकारायचं, कोणी आलं नाही तर गैरहजर लिहायचं, की आपोआप पुढच्या सोमवारची तारीख पडते. केसर वारल्याचं कळवायला दाखला चढवावा लागतो, आणि दाखला चढवायला केसरच्याच फोनवर येणारा आकडा लागतो. गणराज सरांनी चष्मा काढला आणि नुसते बघत बसले.

तेव्हापासून दर सोमवारी अकरा वाजता हर्षद सर ऑफिसच्या दारात येतात. आधी त्यांना लाज वाटायची, आता सवय झाली. ते घसा साफ करतात आणि मोठ्याने पुकारतात, "केसर हजर आहेत का? केसर? केसर हजर आहेत का?" वर्ग गप्प होतात. वाडीतल्या सुपाऱ्या सोलणाऱ्या बायाही मान वर करून बघतात.

मैना तेव्हा शेगडी बारीक करते आणि पळी खाली ठेवते. याच केसरने तिला खाऱ्या वाऱ्यात राहायला शिकवलं होतं, याच शेगडीवर दीडशे माणसांच्या मिठाचा अंदाज शिकवला होता. शेवटच्या आजारपणात हात धरून म्हणाली होती, पोरांना उपाशी ठेवू नको. ती गेल्यावर मैनाने कितीदा देवापुढे म्हटलं असेल, एकदा, एकदाच तिला परत दाखव. आठ वर्षं ती हेच मागत आली.

तिसऱ्या पुकाराला मैना स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेते, कडीवर हात घट्ट दाबून धरते आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणते, "येव नको गो वयनी. पाया पडतंय तुझ्या, येव नको."